कै. केरबातात्या आणि ओपन पेस

आमच्या कॉलनीचं नाव गुलमोहर कॉलनी. कॉलनीत गुलमोहराचं एकही झाड नाही आणि कधी नव्हतं. ज्यानं प्लॉट पाडले त्याच्या बायकोला ते नाव आवडलं, एवढंच. साताऱ्याच्या कडेला, जिथून अजिंक्यताऱ्यावरचे टॉवर दिसतात पण नळाला पाणी दिसत नाही, अशा बाजूला आम्ही राहतो. कॉलनीच्या मधोमध एक चौकोनी जागा रिकामी आहे. नकाशात तिचं नाव 'ओपन स्पेस'. आम्ही तिला 'ओपन पेस' म्हणतो. पाहुणे विचारतात, तिथं काय आहे? तिथं काहीही नाही. आणि ते 'काहीही नाही' तसंच टिकावं म्हणून केरबातात्या पुकळे नावाच्या धडधाकट माणसाला जिवंतपणी मरावं लागलं.

मी क्रांती. माझं फाटक ओपन पेसवरच उघडतं. मी दहावीच्या शिकवण्या घेते. कॉलनीतल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडतं, कारण लाइट गेली तरी माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. त्यामुळे झाला प्रकार मी नुसता पाहिला नाही, तो माझ्या तोंडून झाला.

तात्या मूळचे माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले. लहानपण मेंढरांमागं गेलं. दर साली पाऊस सरला की मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचं, आणि दर साली वाटेवरचं एखादं रान तारेच्या कुंपणात गेलेलं असायचं. पुढं ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सेक्शनला लागले. जन्मभर पंक्चर काढली, आणि निवृत्तीच्या पैशातून कॉलनीतला कोपऱ्यातला प्लॉट घेऊन घर बांधलं. घराची वास्तुशांत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन ते ओपन पेसमध्ये उतरले, ते कायमचेच. जागा झाडायला त्यांना कुणी नेमलं नव्हतं. नेमलं असतं तर बहुतेक त्यांनी नकार दिला असता.

त्यांचा नियम एकच होता. "काय बी करा, पर झालं की उचला." आम्ही तिथं पापड-कुरडया वाळवल्या, लग्नं लावली, गणपती बसवले, पोरांनी क्रिकेट खेळून सगळ्यांच्या काचा फोडल्या. खो-खोच्या रेघा तात्या स्वतः फक्की टाकून आखायचे आणि खेळ झाला की स्वतःच झाडून पुसायचे. पण कुणी काही ठेवून गेलं की तात्यांचं डोकं फिरायचं. एका सज्जनांनी वडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटचा बाक ठेवला. सकाळी तो बाक त्यांच्याच दाराला आडवा लावलेला, घरातलं कुणी बाहेर पडू शकेना. एकानं जुनी मोटार आणून लावली आणि वर्षभर हलवली नाही. तात्यांनी तिची चारही चाकं काढून ती नीट पुसून त्याच्या ओट्यावर ठेवली. टायर सेक्शनचा माणूस तो, त्याला जॅकसुद्धा लागला नाही असं लोक सांगतात. ते काही खरं नाही, जॅक माझ्याकडूनच नेला होता.

सगळ्यात गाजलं ते देवाचं प्रकरण. फौजेतून सुभेदार होऊन आलेले आमचे नानासो जाधव यांनी एक गोल दगड शेंदूर फासून ओपन पेसच्या कोपऱ्यात बसवला. आज दगड, उद्या चौथरा, परवा पत्रा आणि तेरवा दानपेटी, हा क्रम साताऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. देवाला हात कोण लावणार? तात्यांनी लावला. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, देवापुढं नारळ ठेवला, आणि एका पोराला पुढं हलगी वाजवायला लावून, अनवाणी, देव डोक्यावर घेऊन ते नानासोंच्या हॉलमध्ये शिरले. टीव्हीच्या शेजारी पाट मांडून त्यांनी देव बसवला.

"आवं तात्या, ह्यो काय परकार?" नानासो ओरडले.

"देव म्हनला, पावसाळा जवळ आलाय, उघड्यावं न्हाई बसायचं," तात्या म्हणाले आणि पाया पडून निघून आले.

बसलेला देव उठवायची छाती सुभेदाराचीही नव्हती. तो अजून तिथंच आहे, टीव्ही आणि कूलरच्या मध्ये. नानासो मॅच बघायला बसताना चपला बाहेर काढतात आणि भारत हरला तरी शिवी देता येत नाही म्हणून कुढतात.

एवढं सगळं ठीक चाललं होतं. मग जयराजदादांची नजर ओपन पेसवर गेली. जयराजदादा म्हणजे आमचे माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक. मधल्या वर्तमानात त्यांच्याकडं काहीच नव्हतं, म्हणून वेळ भरपूर होता. त्यांनी जाहीर केलं की इथं बहुउद्देशीय सभागृह होणार. खाली गाळे, वर सभागृह. गाळे कुणाला मिळणार हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे उद्देश बहु नसून एकच होता हे आम्हाला कळत होतं. पण गुलमोहर कॉलनीत कळण्याचं प्रमाण जास्त आणि बोलण्याचं कमी.

बोलायला निघाले ते एकटे तात्याच, थेट नगरपालिकेच्या कचेरीत. मी सोबत होते, कारण त्यांना वाटलं माझा आवाज उपयोगी पडेल. साहेब पंख्याखाली बसले होते. म्हणाले, "आजोबा, ती जागा नुसती पडून आहे हो."

"जागा पडूनच ऱ्हाती सायेब," तात्या म्हणाले. "हुबी ऱ्हाती ती भित्ताड."

साहेबांना हे पटलं असावं, कारण त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि काहीही केलं नाही.

परत आल्यावर तात्या माझ्या पायरीवर बसले. हा माणूस मी कधी रिकामा बसलेला पाहिला नव्हता. जागेकडं बोट केलं. मग म्हणाले, "पोरी, मेंढरामागं हुतो तवा येक रान गेलं की म्होरलं असायचं. आता म्होरं काय हाय? ह्ये शेवटचं." त्यांच्या घरापुढचं अंगण नव्हतं ते, पोटाचा प्रश्नही नव्हता. पण ती जागा गेली असती तर तात्या राहिले नसते, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं.

भूमिपूजनाचा दिवस ठरला एक जून. नारळ फोडायला दादांच्या पक्षाचे मोठे साहेब येणार होते. साहेब म्हणजे असे की त्यांनी एकदा माईकवर दिलेला शब्द जिल्ह्यात कुणी खाली पडू देत नाही. जयराजदादांना फक्त तात्यांची धास्ती होती. म्हातारा ऐन वेळी खड्ड्यात जाऊन बसला तर? तेव्हा त्यांचा उजवा हात रविराज याला एक युक्ती सुचली. एक जून हा तात्यांचा वाढदिवस. म्हणजे शाळेतल्या मास्तरांनी त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांचा ठरवलेला वाढदिवस. पंच्याहत्तरी होती. त्याच मांडवात तात्यांचा जाहीर सत्कार करायचा. अंगावर एकदा शाल पडली की आमच्याकडचा माणूस देणाऱ्याच्या विरोधात बोलत नाही.

रविराजनं वाढदिवसाचा फ्लेक्स करायला टाकला. फोटो हवा होता. तात्या फोटो काढू देत नसत. रविराजच्या मोबाइलमध्ये एकच सापडला: तात्यांचे धाकटे भाऊ कोंडीबा गेले त्यांच्या दहाव्याचा, नदीच्या घाटावरचा. जयराजदादांची माणसं एकही दहावा चुकवत नाहीत, तिथं भाषणं असतात ना. फोटोत तात्यांचं डोकं तुळतुळीत, मिशी काढलेली, चेहरा सुतकी. रविराजनं फोटो पाठवला, खाली नाव पाठवलं, आणि नेहमीसारखं लिहिलं, 'दादांचा फोटो मोठा टाक, अर्जंट.' फ्लेक्सवाल्यानं फोटो बघितला आणि त्याला काही विचारायची गरजच वाटली नाही.

एक जूनच्या सकाळी मी फाटक उघडलं तर समोर मांडव, खुर्च्या, आणि मांडवाच्या तोंडाशी, फ्लेक्सवाल्याच्या पोरांनी रात्रीतून बांधलेला, हा भला मोठा फ्लेक्स: 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. केरबा पुकळे.' वर तात्या, ढगांच्या मध्ये. खाली हात जोडलेले जयराजदादा आणि 'शोकाकुल मित्र मंडळ'.

माझ्या हातातलं दुधाचं पातेलं खाली पडलं. तात्यांच्या घराला कुलूप होतं. साळूबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, नातीच्या बाळंतपणाला लोणंदला गेल्या होत्या. तात्या काल दुपारपासून दिसले नव्हते. त्यांचा फोन बंद होता, पण तो नेहमीच बंद असायचा, कारण चालू ठेवला की बॅटरी संपते असं त्यांचं मत होतं. पाहता पाहता सगळी कॉलनी जमली. कसे गेले, कुठं गेले, कुणालाच माहीत नव्हतं. पण गेले का, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं माणूस दवाखान्यात मरत नाही, फ्लेक्सवर मरतो. फ्लेक्स लागला की विषय संपला.

आता गंमत बघा. रविराजला वाटलं, आपण वाढदिवसाचा सांगितला होता, पण मधेच म्हातारा गेला असणार आणि फ्लेक्सवाल्याला आपल्या आधी कळलं असणार. जयराजदादांना वाटलं, रविराजला कळलं म्हणून त्यानं फ्लेक्स लावला. नानासोंना वाटलं, खुद्द दादांचा फोटो आहे म्हणजे दादांना माहीत आहे. आणि मला वाटलं, नानासो रडतायत म्हणजे खरंच आहे. नानासो खरोखर रडत होते. "देव घरात आनून बसीवला माज्या, असा मानूस हुनं न्हाई," असं म्हणत होते.

पूजेला आलेल्या गुरुजींनी सामान परत पिशवीत भरलं. कॉलनीत मयत असताना नारळ फुटणार नाही म्हणाले. पण मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, माईक तपासून झालेला, आणि साहेबांची गाडी शहरात शिरलेली. दादांनी फोन लावला. साहेब म्हणाले, हरकत नाही, शोकसभा घेऊ. त्यांच्या त्या दिवशी आणखी दोन शोकसभा होत्याच, भाषण तयार होतं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडं आलं. मी नको म्हणाले. मग मांडवातून माझ्याच नावाची ओरड सुरू झाली. मी डोळे पुसून माईक हातात घेतला.

जे लोक तात्यांच्या नावानं बोटं मोडायचे ते सगळे एकेक करून उठले आणि रडत बोलले. बाकवाले म्हणाले, तात्यांनी मला वडिलांची खरी सेवा शिकवली. मोटारवाले म्हणाले, चाकं काढली पण ती पुसून दिली, असा माणूस आज मिळत नाही. मग जयराजदादा उठले. "तात्या आज आपल्यात नाहीत," ते म्हणाले, "पण ते आपल्यातून जाऊ शकत नाहीत. म्हणून मी जाहीर करतो, या जागेवर उभ्या राहणाऱ्या संकुलाला आपण नाव देणार आहोत, कैलासवासी केरबा पुकळे व्यापारी संकुल!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ही शोकसभा आहे हे लक्षात येऊन हात मांडीखाली घेतले. मला असा संताप आला की माईक फेकून मारावा. ज्या माणसानं इथं बाक ठेवू दिला नाही, त्याच्याच नावाचे गाळे! साहेब खुर्चीत बसून मान हलवत होते.

नानासोंनी फौजी आवाजात सावधान म्हटलं. सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. श्रद्धांजलीची शांतता पसरली.

आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "ब्यॅ."

मग पुष्कळ जण म्हणाले. मी मान वर केली. कॉलनीच्या रस्त्यानं मेंढरं येत होती. पांढरी, काळी, करडी, सगळा रस्ता भरून. मागं तात्यांचा पुतण्या बिरदेव. आणि पुढं, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, ओठावर पिळदार मिशा, असे कैलासवासी केरबा पुकळे.

झालं होतं असं, की पुतण्याची मेंढरं परतीच्या वाटेवर वाढे गावाच्या बाजूला उतरली होती. तात्या आदल्या दिवशी गुपचूप तिकडं गेले, मेंढरांच्या वाड्यावर मुक्काम केला आणि भूमिपूजनाच्या वेळेला सगळा कळप ओपन पेसमध्ये आणून बसवायचा बेत करून आले. मेंढरं बसली की हलत नाहीत आणि मेंढरांच्या अंगावर पुढारी जात नाही, असा त्यांचा हिशोब होता. मांडवापाशी आले तर सगळे माना घालून उभे. मग तेही उभे राहिले. मुंडासं नीट केलं, मान खाली घातली, आणि माझ्याकडं सरकून हळूच म्हणाले, "कोन गेलं गं?"

मी फ्लेक्सकडं बोट दाखवलं. तात्यांनी स्वतःला बराच वेळ पाहिलं.

"लय वंगाळ फोटू हाय," ते म्हणाले.

तोवर मेंढरं मांडवात शिरली होती. फ्लेक्सखालचा झेंडूचा हार एका मेंढीनं अर्धा संपवला होता. कॉलनीतल्या माणसांनी डोळे उघडले, तात्यांना पाहिलं, आणि ती दोन पावलं मागं सरकली. एका बाईनं तेवढ्यात रामरक्षा सुरू केली. पण मोठे साहेब तात्यांना ओळखत नव्हते. त्यांनी पाहिला होता तो ढगांमधला बोडका माणूस. त्यांनी मेंढरं पाहिली, घोंगडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज जड झाला.

"बघा," साहेब माईक घेऊन म्हणाले, "मुकी जनावरंसुद्धा श्रद्धांजली वाहायला आली. बाबा, पुढं या. तुम्ही कैलासवासींचे कोण?"

तात्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि मी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"लय जवळचा हाय जी," तात्या म्हणाले.

"भाऊ?"

"त्येच्याहून जवळचा."

"शेवटच्या क्षणी त्यांच्यापाशी होतात?"

"व्हय. आजून बी त्येंच्यापाशीच हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "त्यांची काही अंतिम इच्छा होती?"

जयराजदादा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. तोंड उघडलं होतं, शब्द ओठावर आले होते. रविराजनं मागून त्यांचा कुडता ओढला. "दादा, बोलू नगा. फ्लेक्सवं आपला फोटू हाय." दादांनी फ्लेक्सकडं पाहिलं, हात जोडलेल्या स्वतःकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. आपण एका जिवंत मतदाराची शोकसभा साहेबांच्या हातून घेतली, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते खाली बसले.

"येकच इच्छा हुती," तात्या म्हणाले. आता त्यांचा आवाज खरोखर कापत होता, नाटक नव्हतं ते. "ह्या जागंवं काय बी बांधू नगा. लोकांनी यावं, बसावं, पोरांनी खेळावं, बायकांनी पापड वाळवावं, कुनाचं लगीन असंल तर नाचावं. आन झालं की आपापलं उचलून न्यावं. बास. दुसरं काय मागनं न्हाई बगा त्येचं."

"मोकळी ठेवायची?"

"मोकळी."

साहेबांनी तिथल्या तिथं शब्द दिला. माईकवर, सगळ्यांसमोर, मेंढरांसमोर. "जयराज, तुमचं संकुल दुसरीकडं बघा. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे," असं म्हणाले आणि पुढच्या शोकसभेला निघून गेले. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आमच्यातला एकही माणूस हलला नाही. मग नानासो पुढं आले आणि तात्यांच्या दंडाला चिमटा काढला.

दुपारच्या गाडीनं साळूबाई लोणंदहून आल्या. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून तिकडं पोचला होता. सगळ्या वाटेनं त्या रडत आल्या होत्या, कंडक्टरनं तिकीटसुद्धा काढलं नव्हतं. मांडवात येऊन पाहतात तर नवरा मेंढरांना पाणी पाजतोय. त्यांनी हातातली पिशवी उचलली आणि त्या माणसाला असा चोप दिला की आम्हाला सोडवायला लागलं. मग त्याच्याच छातीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडल्या. आम्ही त्यांना चहा दिला आणि घाबरत घाबरत सांगितलं, की तात्या गेलेलेच बरे. शब्द मेलेल्या माणसाला दिलाय. जिवंत माणसाला दिलेले शब्द पुढारी रोज फिरवतात. तात्या जिवंत निघाले की शब्द गेला आणि जागाही गेली.

"तुमी मरा न्हायतर जगा," साळूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी कुकू पुसनार न्हाई." दुसऱ्या दिवसापासून त्या पूर्वीपेक्षा दुप्पट मोठं कुंकू लावायला लागल्या, ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं.

अशा रीतीनं तात्या वारले आणि रोज सकाळी ओपन पेस झाडायला लागले. कॉलनीतला एकही माणूस फुटला नाही. पाणी सोडण्यावरून एकमेकांची डोकी फोडणारे लोक या एका बाबतीत एक झाले. जयराजदादा रस्त्यात भेटले तर तात्यांच्या आरपार बघायचे. तात्या हटकून आडवे जायचे आणि "रामराम दादा" म्हणायचे. दादांना उत्तर देता येत नसे. मेलेल्या माणसाशी बोलताना कुणी पाहिलं तर काय घ्या. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तात्या बँकेत गेले. तिथला क्लार्क आमच्याच कॉलनीतला. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "तात्या, जिवंत आहात ना?"

"बँकंपुरता," तात्या म्हणाले.

पण जयराजदादाही काही कच्चे नव्हते. वर्ष सरलं, एक जून जवळ आला. दादांनी जाहीर केलं, तात्यांची पहिली पुण्यतिथी साजरी करायची आणि ओपन पेसच्या मधोमध त्यांचा अर्धपुतळा बसवायचा. स्मारक म्हणजे काही बांधकाम नव्हे, साहेबांचा शब्द मोडत नाही. आज पुतळा, उद्या चौथरा, परवा पत्रा. आम्ही सगळे हबकलो. पुतळ्याला नाही कसं म्हणायचं? आणि कोण म्हणणार, तात्या?

पुतळा आला. प्लास्टरचा, वर सोनेरी रंग, त्याच घाटावरच्या फोटोवरून केलेला. बोडका, बिनमिशीचा, रडका. टेम्पोतून उतरवून तो जागेच्या मधोमध ठेवला आणि माणसं सिमेंट आणायला गेली. तात्या घरातून बाहेर आले. पुतळ्याभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं, आता इथं हा माणूस विरघळेल. स्वतःचा पुतळा कुणाला नको असतो? जन्मभर टायर काढलेल्या माणसाला तर कुणी नावानं हाकसुद्धा मारत नाही.

तात्या आंघोळीला गेले. धुतलेलं धोतर नेसून आले. पुतळ्यापुढं नारळ ठेवला, आणि मला म्हणाले, "क्रांती, हलगी घे."

मी हलगी वाजवत पुढं, मागं डोक्यावर स्वतःला घेतलेले तात्या अनवाणी, मागं साळूबाई, त्यामागं नानासो आणि सगळी कॉलनी. आम्ही जयराजदादांच्या बंगल्यावर गेलो. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी जागा होती. तात्यांनी पाट मागून घेतला आणि पुतळा बसवला.

"म्हातारा म्हनला, पावसाळा जवळ आलाय, उघड्यावं न्हाई बसायचं," ते दादांना म्हणाले.

दादांच्या आई धार्मिक. त्या आतून निरांजन घेऊन आल्या आणि पुतळ्याला ओवाळलं, आणि चुकून की मुद्दाम कोण जाणे, तात्यांनाही ओवाळलं. पुतळा अजून तिथंच आहे.

परत येताना तात्या थकले होते. माझ्या पायरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, म्या खराच गेलो की ध्येनात ठीव. हितं माजं काय बी ठिवू नगंस. दगूड न्हाई, नाव न्हाई, हारसुदीक न्हाई." मी म्हटलं, तात्या, तुम्ही दोनदा कसे जाल? ते हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

मार्गशीर्षात तात्या खरेच गेले. सकाळी झाडून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. रविराजनं फ्लेक्सवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "ते तर मागंच गेले ना?" पेपरवाल्यांनीही तेच विचारलं. साहेबांकडून निरोप आला नाही, कारण त्यांनी श्रद्धांजली आधीच वाहिलेली होती. माहुलीच्या स्मशानघाटावर आम्ही कॉलनीतलीच माणसं होतो. जयराजदादा आले, मागं उभे राहिले आणि माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या खेपंला खरं न्हवं, ताई?" मी हो म्हटलं. मग मात्र ते तोंड वळवून खरोखर रडले. साळूबाईंनी कुंकू पुसलं नाही. त्यांना कुणी पूस म्हणालंही नाही.

संध्याकाळी सगळे ओपन पेसमध्ये जमलो. माईक नव्हता, मला कुणी बोलायला सांगितलं नाही. म्हातारी माणसं होती म्हणून घराघरातून खुर्च्या आणल्या होत्या. अंधार पडायला लागला तसे लोक उठले, आपापली खुर्ची उचलून आपापल्या घरी गेले. साळूबाईंना आत नेऊन मी परत आले, तर जागेच्या मधोमध एकच खुर्ची उरली होती. ती तात्यांच्या घरातली, त्यांचीच, लोखंडी. नानासो माझ्या फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "ऱ्हाऊं द्या ताई आजचा दिवस. त्येंची हाय."

माझ्याही मनात तेच आलं होतं. पण मी खुर्ची उचलली आणि तात्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.